बॉल कुठे पडला

माझा मोठा भाऊ गोल्फ खेळायचा, हे सांगितलं की लालबागची जुनी माणसं अजूनही हसतात. आम्ही वाढलो ते चाळीतल्या एका खोलीत. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, आई मालवणकडची. दादा रात्रीच्या कॉलेजात शिकून एका औषध कंपनीत चिकटला आणि हळूहळू वर चढत गेला. मोठ्या गिऱ्हाइकांशी खरं बोलणं गोल्फच्या मैदानावर होतं, असं त्याच्या साहेबाने त्याला चाळिशीत सांगितलं, म्हणून हा शिकायला गेला. पहिल्या दिवशी ती लांबलचक बॅग खांद्याला लावून तो निघाला तेव्हा आई दारातून ओरडली होती, "ह्यो खंय चललो काठये घेवन?"

साहेबासाठी सुरू केलेला खेळ, पण तो त्याला लागला. साहेब गेला, कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली, दादा निवृत्त झाला, आई-बाबा गेले, चाळ पाडली. खेळ राहिला. करी रोडच्या टॉवरमधल्या त्याच्या घरात दार उघडल्याबरोबर ती बॅग उभी असायची, चपलांच्या कपाटाला टेकून. वहिनी तिला सवत म्हणायच्या.

मग त्याचे डोळे जायला लागले.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत होता. आधी उजवा, मग डावा. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शनं द्यायचे, त्याने जाणं मंदावतं म्हणाले, थांबत नाही. पूर्ण अंधार झाला नव्हता. कडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं ते नेमकं पुसलं जायचं. एकदा त्याच्याकडे जेवायला गेले होते तेव्हा माझ्याकडे तोंड करून तो म्हणाला, "तुझ्या कानातल्या कुड्या दिसतात बघ. तू नाही दिसत."

वहिनी पोळ्या करत होत्या. त्यांनी गॅस मोठा केला, उगाचच.

मी दादरला एकटी राहते. शाळेत मराठी शिकवायचे, ती नोकरी संपून थोडे दिवस झाले होते. दिवाळीनंतर एकदा सकाळीच दादाचा फोन आला.

"बाय, शनिवारी मोकळी आहेस?"

"आता रोजच मोकळी आहे. का?"

"रेंजवर चल माझ्याबरोबर. बॉल कुठे पडतो ते मला दिसत नाही. कोणीतरी सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, अरे, मला त्यातलं काय कळतं? तो म्हणाला, "कळत नाही म्हणूनच. ज्यांना कळतं ते कौतुक करत बसतात."

रेंज म्हणजे मला वाटलं होतं तसं मैदान नव्हतं. एक लांब शेड, शेडखाली हिरव्या चटयांची रांग, आणि समोर तारेच्या उंच जाळ्यांनी वेढलेलं मोकळं रान. आपापल्या चटईवर उभं राहायचं आणि रानात बॉल मारत राहायचं. आणायला जायचं नाही. दिवस चढला की एक माणूस जाळी लावलेली छोटी गाडी घेऊन फिरतो आणि सगळे बॉल गोळा करतो. रानात अंतराच्या पाट्या रोवलेल्या, आणि जाळीपलीकडे परळचे टॉवर धुरकट उभे. सकाळी तिथे टाक टाक टाक असा आवाज चालू असायचा. दगड फोडायला बसलेल्या बायका आठवायच्या.

पहिल्या शनिवारी मला वाटलं, हा भराभर मारेल आणि आपण इडली खाऊन घरी. पण त्याने भाड्याने घेतलेल्या बादलीतले बॉल बाजूला सरकवले आणि नुसताच हात फिरवत उभा राहिला. शेजारचा एक तरुण गडी सगळ्यांत लांब काठीने एकामागून एक बॉल हाणत होता. एक अजून हवेत असायचा तोवर दुसरा. दादा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "हा व्यायाम करतोय. ह्याला प्रॅक्टिस म्हणत नाहीत."

मग त्याने मला काम समजावलं. चटईवर एक काठी आडवी टाकायची, पाटीच्या दिशेने. तो बुटाच्या टोकाने ती चाचपून पाय लावणार. मी बॉल ठेवायचा. बॉलकडे थेट पाहिलं की बॉल नाहीसा व्हायचा, म्हणून तो जरा बाजूला, माझ्या चपलेकडे बघायचा आणि कडेच्या नजरेने बॉल धरायचा. मारून झाला की मी सांगायचं, कुठे गेला.

पहिला बॉल गेला. मी म्हटलं, "उजवीकडे."

"किती उजवीकडे?"

"बराच."

"बराच म्हणजे काय ग? आधी सरळ जाऊन मग वळला, का निघतानाच उजवीकडे निघाला?"

मी पाहिलंच नव्हतं. मला ते वेगळं असतं हेही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मुलांच्या निबंधात 'सुंदर' आणि 'खूप' या शब्दांखाली लाल रेघ मारणारी मी, आणि एका बॉलचं धड वर्णन मला येईना. दादा चिडला नाही. म्हणाला, "पुन्हा बघ. मला घाई नाही."

दोन-तीन शनिवारांत मी शिकले. निघाला कुठे, वळला कुठे, उंच का बुटका, पाटीच्या अलीकडे का पलीकडे. समोरची पाटी म्हणजे बारा, असं घड्याळातले काटे धरून दिशा सांगायचं आम्ही ठरवलं. मी सांगितलं की तो तसाच उभा राहून मनात काहीतरी जुळवायचा, मागे एक पाऊल घ्यायचा, श्वास सोडायचा आणि मग पुढचा बॉल मागायचा. एक बादली संपायला इतरांच्या दीडपट वेळ लागायचा. कधी संपायचीच नाही, उरलेले बॉल तो तसेच परत द्यायचा. म्हणायचा, मन उठलं की मारलेला बॉल वाईट सवय लावून जातो.

शेवटी शेवटी तो एक खेळ खेळायचा. उपनगरातलं एक गोल्फचं मैदान त्याला तोंडपाठ होतं, तिथे तो कितीतरी वर्षं खेळला होता. "आता मी पहिल्या होलवर उभा आहे," म्हणायचा. "डावीकडे आंबा. उजवीकडे गेलं तर कुंपण." मग काठी बदलून एकच बॉल मारायचा. मी सांगायचे तो कुठे गेला. त्यावरून तो ठरवायचा की आता आपण आंब्याखाली आहोत, इथून छोटी काठी लागेल. असं करत करत तो त्या शेडखाली उभ्या उभ्या अख्खं मैदान फिरायचा. त्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा. चाळीच्या गॅलरीत रबरी बॉलने क्रिकेट खेळताना असायचा ना, तसा. मला तेवढ्यासाठी जावंसं वाटायचं, आणि परतताना टॅक्सीत बसलं की पुढच्या शनिवारचं भय वाटायचं. कारण दर थोड्या दिवसांनी त्याला बॉल धरायला नजर आणखी बाजूला न्यावी लागत होती. माझ्या चपलेवरून ती आता शेजारच्या चटईपर्यंत गेली होती. 

मी खोटं कधी सांगितलं नाही. मोह झाला नाही असं नाही. इंजेक्शन घेऊन आलेल्या आठवड्यात त्याचा एकही बॉल नीट जात नव्हता. बॉल नुसते घरंगळत होते. मी प्रत्येक वेळी तेच सांगत होते. शेवटी तो खाली बसला. मी म्हटलं, "दादा, आज राहू दे."

तो म्हणाला, "तुझ्या बोलण्यावर मी अजून उभा आहे, बाय. तू सांगत राहा."

त्याच्या जुन्या कंपनीतली निवृत्त मंडळी वर्षातून एकदा एकत्र जमून सामना खेळायची. फेब्रुवारीत त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. येऊन बस, गप्पा मारू, जेवण आहे, असं तो म्हणत होता. फोन स्पीकरवर होता, मी समोरच होते. दादा म्हणाला, "बसायला नाही येणार. खेळणार."

पलीकडे तो खाकरला. मग, "अरे वा! झकास! का नाही?"

त्यानंतर दादा आठवड्यातून दोनदा रेंजवर यायला लागला. रेंजवर एक शिकवणारे सर होते, वयाने आमच्याहून लहान, वांद्र्याच्या ख्रिश्चन घरातले. ते कधी कधी येऊन मागे उभे राहायचे. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे माणूस दिसत असताना एवढं चांगलं खेळत नसणार." मी ते दादाला सांगितलं. तो नुसता हसला, पण त्या दिवशी उतरताना टॅक्सीवाल्याला उगाच वीस रुपये जास्त दिले.

सामन्याच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. वहिनींनी त्याच्या शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा सारखी केली. "सांभाळून," त्या मला म्हणाल्या, त्याला नाही.

त्याच्या त्याच तोंडपाठ मैदानावर त्याचे चार जुने सोबती उभे होते. चांगली माणसं. त्यांच्यात एकाच्या बायकोच्या आजारपणात दादाने रात्री काढल्या होत्या, एकाच्या मुलाला नोकरीला लावलं होतं. त्यांनी त्याला मिठ्या मारल्या. मी काठी घेऊन पुढे झाले, तर एक जण म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला उन्हात? इथे निवांत बसा, चहा घ्या. आम्ही आहोत ना त्याच्याबरोबर."

मी दादाकडे पाहिलं.

"बस तू," तो म्हणाला. "हे घरचेच आहेत. मी सांगितलंय यांना कसं करायचं ते."

मी व्हरांड्यात बसले. पहिला बॉल मात्र मला तिथून दिसला. दादाने बुटाने काठी चाचपली, नजर बाजूला नेली आणि मारला. सरळ गेला, जरासा डावीकडे कलून आंब्याच्या अलीकडे पडला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग ते सगळे चालत चालत झाडांआड गेले.

परत यायला दुपार झाली. सगळे हसत होते. "ताई, तुमचे बंधू अजून आमच्या नाकी नऊ आणतात!" एकाने सांगितलं. जेवणाच्या आधी भाषणं झाली. सर्वांत जिद्दी खेळाडू म्हणून दादाला एक छोटासा चषक दिला. सगळे उभे राहिले, फोटो काढले. दादा दोन्ही हातांत चषक धरून हसत होता. मी त्याची बहीण आहे. ते हसू मला ओळखू येत होतं. बाबांची गिरणी बंद पडली, त्या वर्षी गणपतीत दारी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून तो असाच हसायचा.

टॅक्सीत तो चषक मांडीवर घेऊन बसला.  शीवच्या सिग्नलला गाडी बराच वेळ अडकली होती, तिथे तो एकदम म्हणाला, "मधे तळं आहे ना तिथे. तळ्यावरून मारावा लागतो."

"हं."

"माझा पाण्यात गेला. मी ऐकला. डुबुक. आणि यांच्यातला एक म्हणतो, क्या बात है, गेला पलीकडे! बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या." त्याने चषक मांडीवरून काढून सीटवर ठेवला. "पलीकडे गेलो तर बॉल होता तिथे. हातात घेतला. नवाकोरा. माझ्या बॉलला खरचटलेलं होतं, मला बोटाला माहीत आहे."

"तू काही बोलला नाहीस?"

"काय बोलू? एवढे खूश होते सगळे." मग, "त्याच्या आधीचे किती गेले असे, देव जाणे. आवाज पाण्याचाच येतो. गवताचा येत नाही."

मी त्याचा हात धरला. त्याने धरू दिला.

वहिनींनी चषक शोकेसमध्ये ठेवला, गणपतीच्या फोटोशेजारी.  शेजारीपाजारी येऊन बघून गेले.

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखी त्याला घ्यायला गेले. यायला तो तयार होता. रेंजवर काठी टाकली, बॉल ठेवला. त्याने मारला. मी म्हटलं, "अकरा वाजता निघाला, तसाच गेला. शंभरच्या पाटीच्या अलीकडे."

"खरं?"

इतक्या महिन्यांत हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. मी म्हटलं, "खरं."

दुसरा मारला. मी सांगितलं. "खरं?" त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यालाही. चिडून नाही, अगदी साधेपणाने, वाण्याकडे एखादी गोष्ट ताजी आहे का असं विचारावं तसं. मला रडू यायला लागलं होतं, पण मी डोळे ताणून बॉलकडे बघत राहिले, कारण आता एकही चूक करून चालणार नव्हतं. आणि मग नेमका एक बॉल सुरेख गेला. बारा वाजता निघाला, बाराच वाजता पडला, पाटीला जवळजवळ लागून.

"सरळ," मी म्हटलं. "एकदम सरळ, दादा."

तो माझ्या दिशेने वळला. मला शोधत नजर बाजूला नेली.

"तू पण?" तो म्हणाला.

"नाही रे! खरंच सरळ गेला. आईची शपथ."

सर दोन चटया सोडून उभे होते, मी त्यांना हाक मारली. ते धावत आले. "येस सर, मी पाहिलं, परफेक्ट होता. सिस्टर बरोबर बोलते," त्यांनी सांगितलं.

दादा मान हलवत राहिला. "तुम्ही सगळी चांगली माणसं आहात," तो म्हणाला आणि हातातली काठी बॅगेत घालायला लागला. बॅगेचं तोंड त्याला सापडत नव्हतं. मी पुढे झाले नाही. सरही झाले नाहीत. शेवटी त्याला सापडलं.

पुढे मी पुष्कळ समजावलं. फोनवर पुढचे बॉल रेकॉर्ड करून तुझ्या मुलीला दाखवते, ती सांगेल, म्हटलं. तो म्हणाला, तीही माझीच मुलगी आहे. एकदा मी त्याच्यावर ओरडले. त्या लोकांनी एक चूक केली म्हणून माझं इतक्या महिन्यांचं बोलणं पाण्यात? माझ्या तोंडून तो शब्द गेला आणि मला जीभ चावावीशी वाटली. तो शांतपणे म्हणाला, "तुझ्यावर राग नाही ग. त्यांच्यावरही नाही. मला स्वतःला कळत नाहीसं झालंय. आधी मारला की हातात कळायचं, बरा गेला का वाईट, आणि तू सांगायचीस ते त्याच्याशी जुळायचं. तळ्यावर मला वाटलं होतं की बरा बसलाय. म्हणजे हातही खोटं बोलतात."

 

पावसाळ्यात रेंज बंद झाली. ती पुन्हा उघडली तेव्हा सरांचा फोन आला होता, दादाने तो वहिनींकडे दिला. हिवाळ्यात डाव्या डोळ्याचंही मधलं सगळं गेलं आणि डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली. बॅग काही दिवस चपलांच्या कपाटापाशी होती. मग बिल्डिंगमधल्या कोणाला तरी खेळ शिकायचा होता, वहिनींनी दादाला विचारून ती देऊन टाकली. मी गेले त्या दिवशी तिथे भिंतीवर बॅग घासून घासून पडलेला काळपट डाग तेवढा होता. रंगाऱ्याला बोलवायला हवं, वहिनी म्हणाल्या.

त्याच्या सोबत्यांचा यंदाही फोन आला. तो त्यांच्याशी छान बोलला. सगळ्यांच्या नातवंडांची चौकशी केली. गुडघे दुखतात म्हणून येता येणार नाही, असं सांगितलं. बोलणं संपल्यावर फोन बराच वेळ हातात धरून बसला.

मी अजून शनिवारी सकाळी त्याच्याकडे जाते. आम्ही बाल्कनीत बसतो. खालून भारतमाता थिएटरच्या बाजूचे बसचे हॉर्न येतात, समोर नव्या टॉवरची क्रेन फिरते, ती त्याला कडेने दिसते म्हणतो. मी बातम्या वाचून दाखवते, कधी गावच्या जमिनीचं, कधी भाचीच्या मुलांचं बोलणं होतं. तो ऐकतो, पण मला काही विचारत नाही. ऊन आलंय का, दार कोणी वाजवलं, चहा ठेवलास का, काहीच नाही. वहिनी चहा ठेवून आत जातात. तो टेबलावरून हात सावकाश फिरवत कप शोधतो. मी तो त्याच्याकडे सरकवत नाही. सरकवला तर त्याला कळतं.